मॅक एसईच्या ॲक्सिलरेटर कार्डातला ऑसिलेटर बदलला: १६ वरून २५ मेगाहर्ट्झ

रामबागकर, इंदूर

मंडळी, हा धागा थोडा लांबेल. दोन महिने ज्या कामाने रात्रीची झोप खाल्ली ते सविस्तर लिहून ठेवावं म्हणतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

काकांची रामबागेत छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका अशी कामं. १९९१ साली त्यांनी मुंबईहून एक वापरलेला मॅकिंतॉश एसई आणला. काकांच्या त्या टेबलावर बसून मी पहिल्यांदा मराठी अक्षरं पडद्यावर जुळवली. प्रेस बंद झाल्यावर मशीन माळ्यावर गेलं. काका गेल्यावर काकूने ते मला दिलं. म्हणाली, "तू चालू करशील म्हणून ठेवलंय."

चालू झालं. बॅटरी सुदैवाने फुटली नव्हती. यातली अर्धी डबल-ए आकाराची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी गळली की मदरबोर्ड खाऊन टाकते, तेव्हा ज्यांच्या घरी अशी मशीन पडून आहेत त्यांनी हा धागा वाचायच्या आधी ती काढून घ्या.

आत बघतो तर ९६ पिनच्या विस्तार स्लॉटमध्ये एक ॲक्सिलरेटर कार्ड, म्हणजे मशीनला जास्त वेगवान प्रोसेसर देणारं जोडकार्ड. काकांनी कधी बसवलं ते काकूलाही आठवत नाही. त्यावर मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर, वर छाप आरसी२०, म्हणजे सिरॅमिक पॅकेज, २० मेगाहर्ट्झची चिप. शेजारी गणिती सहप्रोसेसरचं रिकामं सॉकेट, ३० पिनच्या चार १ एमबी सिम (रॅमच्या पट्ट्या), दोन-तीन गॅल चिप (कार्डाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या) आणि एका कोपऱ्यात चकचकीत पत्र्याची आयताकृती डबी. डबीचे तीन कोपरे गोल, एक टोकदार. टोकदार कोपऱ्याशी बारीक ठिपका, तीच पिन १. वर कोरलेलं: ३२.०००.

हाच ऑसिलेटर, प्रोसेसरला ठोका (क्लॉक) देणारा. यातून ३२ मेगाहर्ट्झ निघतात, शेजारची ७४एफ७४ ही फ्लिपफ्लॉप चिप त्याचे दोन भाग करते आणि प्रोसेसरला १६ मिळतात. थेट १६ चा ऑसिलेटर का नाही लावला? भाग केल्यावर लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा काटेकोर सारखा होतो, आणि ६८०३० ला तसाच ठोका लागतो.

तर २० ची चिप १६ वर चालत होती. मनात आलं, हिला निदान तिचा हक्काचा वेग तरी मिळावा. आणि जमलं तर २५.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण फोनवर दोघा मित्रांनी हीच शंका काढली. मदरबोर्डवरचा ऑसिलेटर बदलायचा नाही. एसईमध्ये तो १५.६६७२ मेगाहर्ट्झचा आहे. त्याचा अर्धा, ७.८३३६, मशीनच्या मूळच्या ६८००० प्रोसेसरला जातो. पण तोच १५.६६७२ पडद्यावरचे ठिपकेही मोजतो. ७०४ ने भागा, आडव्या ओळींचा वेग सेकंदाला सुमारे २२,२५५ येतो. तो पुन्हा ३७० ने भागा, पडदा सेकंदाला ६०.१५ वेळा रंगतो. हा ऑसिलेटर हलवला तर चित्र फाटतं, आवाज बदलतो, फ्लॉपी वाचत नाही. कार्डाचा ऑसिलेटर मात्र स्वतंत्र आहे. ६८००० ची बस ठोक्याला बांधलेली नसते. प्रोसेसर पत्ता देतो, समोरून "झालं" असा सिग्नल येईपर्यंत थांबतो. म्हणून कार्ड स्वतःच्या चालीने पळतं आणि मदरबोर्डशी बोलायचं असेल तेवढं थांबतं.

ऑसिलेटर मिळवायला इथल्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. नवा घ्यायचा तर आता बहुतेक ३.३ व्होल्टचे मिळतात, इथे ५ व्होल्टचाच हवा. भंगारवाल्या दुकानात जुन्या पीसींच्या, ३८६ प्रोसेसरच्या बोर्डांची थप्पी होती, तिथे युक्ती सुचली. ३८६ ला प्रोसेसरच्या दुप्पट ठोका लागतो, म्हणून ३८६ एसएक्स-२० च्या बोर्डावर ४०.००० ची डबी असते आणि डीएक्स-२५ च्या बोर्डावर ५०.००० ची. मला हव्या होत्या त्याच दोन, त्याच आकाराच्या, त्याच पाच व्होल्टच्या. दोन मेलेले बोर्ड घेऊन घरी आलो.

पहिल्या रात्री ३२.००० काढून तिथे १४ पिनचा आयसी बेस लावला. बेसच्या मधल्या पिना आधीच उपटून टाकल्या, फक्त १, ७, ८ आणि १४ ठेवल्या. पिन ७ ग्राउंड, ८ मधून ठोका बाहेर, १४ ला पाच व्होल्ट, १ रिकामी. आता डबी हाताने बदलता येते.

४०.००० घातला. मशीन उठलं, "२० मेगाहर्ट्झ" दाखवलं, रात्रभर चाललं. काही अडचण नाही.

दुसऱ्या रात्री ५०.००० घातला. मशीन उठलं, डेस्कटॉप आला, काकांची जुनी स्मरणिका उघडायला गेलो आणि बॉम्ब, म्हणजे मशीन कोलमडल्याची मॅकची खूण. पुन्हा उठवलं, पुन्हा बॉम्ब. तिसऱ्या खेपेला डेस्कटॉपही नाही, सरळ रडका मॅक, म्हणजे मशीन सुरूच न झाल्याची खूण.

इथवर आलोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

शिशाचीतार

वाचतोय. सगळ्यात आधी सुरक्षेचं, कारण तुम्ही ते लिहिलं नाहीत. एसईचं झाकण उघडलं की पिक्चर ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली काही हजार व्होल्ट साठलेले असू शकतात, प्लग काढलेला असला तरी. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरला तार बांधून ती चेसिसला लावून डिस्चार्ज करा, मगच हात घाला. आणि ट्यूबची मान पातळ काचेची असते. बोर्ड बाहेर ओढताना कोपर लागलं तर ट्यूब गेली.

डबी काढताना काय वापरलंत? पिन ७ आणि १४ आतल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेल्या असतात, उष्णता शोषून घेतात. तिथेच लोकांचा घात होतो.

---

रामबागकर, इंदूर

दादा, बरोबर. ट्यूब डिस्चार्ज केली होती, लिहायचं राहून गेलं.

डबी मी वाचवायचा प्रयत्न केला, कारण ती काकांच्या काळातली. आधी चारही पिनांवर नवं ६०-४० चं कथील चढवलं, फ्लक्स लावला, मग पंपाने ओढलं. १ आणि ८ लगेच मोकळ्या झाल्या. ७ आणि १४ ला ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न लावलं तरी मधलं कथील वितळेना. शेवटी खालून आयर्न आणि वरून हेअर ड्रायरची गरम हवा असं दोघांनी मिळून केलं, बायकोने ड्रायर धरला. डबी सुटली तेव्हा भोकातली तांब्याची नळी शाबूत आहे ना हे भिंगाने पाहिलं. शाबूत होती.

---

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

माझा अनुभव उलटा. मी हेच काम दुसऱ्या एका जुन्या मशीनच्या कार्डावर केलं आणि घाई केली. डबी हलवून हलवून ओढली, ग्राउंडच्या पिनबरोबर भोकाची नळीही बाहेर आली. वरच्या थराशी जोडणी तुटली. मग वायर-रॅपची बारीक तार घालून शेजारच्या कपॅसिटरच्या ग्राउंडला जोडली तेव्हा चाललं. पण चार दिवस गेले त्यात.

तेव्हापासून मी डबीचा मोह सोडला. कटरने पत्रा कापतो, आतला स्फटिक बाहेर काढतो, तळाची पट्टी तोडतो आणि एकेक पाय सुटा ओढतो. एका वेळी एकच पाय गरम करावा लागतो, बोर्डावर जोर येत नाही. डबी गेली तरी चालेल, बोर्ड परत मिळत नाही.

रामबागकर, तुमच्या बॉम्बविषयी: कार्डावर प्रत्यक्ष व्होल्टेज किती येतंय ते मोजलंत का? पॉवर सप्लायपाशी नाही, प्रोसेसरपाशी.

---

सियागंजकर

भिया, माझा अंदाज उष्णता. सीमॉस चिप जी वीज खाते ती ठोक्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. १६ वरून २५ म्हणजे दीडपटीहून जास्त. चिपला हात लावून बघ, बोट ठेवता येत नसेल तर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पंखेदार तुकडा) लाव. जेल रोडला जुन्या ४८६ चे हीटसिंक ढिगाने मिळतात.

---

लष्करकर, ग्वाल्हेर

धागा पाहून राहवलं नाही. मी निवृत्त, ८० च्या दशकात ग्वाल्हेरला एका कार्यालयात संगणक विभागात होतो.

आयबीएमचा पीसी/एटी १९८४ साली आला तो ६ मेगाहर्ट्झचा. त्यातल्या ८०२८६ प्रोसेसरलाही दुप्पट ठोका लागतो म्हणून ठोका देणारा क्रिस्टल १२ चा. आमच्याकडे जो बोर्ड होता त्यावर तो क्रिस्टल उपटून १६ चा घातला की मशीन ८ वर चालायचं. पाच मिनिटांचं काम, आणि महिनाअखेरीचे पगारपत्रक अर्ध्या तासाने लवकर निघायचं. त्या काळात हा सगळीकडे चाललेला उद्योग होता. आयबीएमने पुढे बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) वेगाची चाचणीच घातली. मशीन अपेक्षेपेक्षा वेगात दिसलं की ते चालू व्हायला नकार द्यायचं. मग १९८६ साली त्यांनी स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी आणला.

पण एटीमध्ये हे का जमायचं, आणि आयबीएमच्याच आधीच्या एक्सटी मॉडेलमध्ये का नाही, हे रामबागकरांच्या मुद्द्याशी जुळतं. एक्सटीमध्ये एकच क्रिस्टल, १४.३१८१८ चा. त्याला ३ ने भागून प्रोसेसरचे ४.७७, १२ ने भागून घड्याळाच्या टायमरचे १.१९३, आणि ४ ने भागून रंगीत पडद्याचे ३.५८. त्याला हात लावला की घड्याळ पुढे पळतं, रंग जातात. एटीमध्ये प्रोसेसरचा क्रिस्टल वेगळा केला होता, टायमर जुन्याच १४.३१८१८ वर राहिला. म्हणून कुठलीही डबी बदलायच्या आधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते बोर्डावर बोट फिरवून शोधावं. आमचे साहेब हेच सांगायचे.

---

तिलकनगरी, इंदूर

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचाय. हे मशीन आता वस्तुसंग्रहाच्या योग्यतेचं आहे. काकांनी ते १६ वर वापरलं, तेच त्याचं खरं रूप. वेग हवा तर आजचा कुठलाही फोन हजारो पटीने वेगवान आहे. मग त्यावर आयर्न का चालवायचं? बोर्डाला धोका आहे हे वडोदऱ्याच्या प्रतिसादात दिसतंच आहे. राग मानू नये, पण मी असते तर हात लावला नसता.

---

रामबागकर, इंदूर

ताई, राग कसला. हाच प्रश्न मी स्वतःला पंधरा दिवस विचारला.

काका हे कार्ड टाकून मशीन वेगवान करत होते. ते स्वतः वस्तू जपून कपाटात ठेवणारे नव्हते. ट्रेडल मशीनचे रोलरसुद्धा ते स्वतः बदलायचे. मशीन चालत राहावं आणि चांगलं चालावं हेच त्यांच्या हातात होतं. मी फक्त तेवढंच करतोय. आणि जे केलं ते उलटं फिरवता येईल असंच केलंय. बेस लावलाय, ३२.००० ची मूळ डबी पाकिटात घालून केसच्या आत चिकटवली आहे, वर तारीख लिहून. उद्या माझ्या मुलाला ते जुन्या वेगावर न्यायचं असेल तर एक मिनिट लागेल.

विश्वामित्रीकाठ, तुम्ही नेमकं नाडीवर बोट ठेवलंत. काल मोजलं. पॉवर सप्लायच्या बाजूला ५.०१. प्रोसेसरच्या पायाशी ४.७६! या चिपला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ४.७५ ही शेवटची पायरी. १६ वर ती कशीबशी निभावत होती.

मधले पाव व्होल्ट कुठे गेले ते शोधत गेलो. कार्डाच्या ९६ पिनच्या कनेक्टरवर. तीस वर्षांचा काळा थर बसला होता, भिंगाखाली पिना तपकिरी दिसत होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दाताचा मऊ ब्रश घेऊन तिन्ही ओळी दोन्ही बाजूंनी घासल्या, वाळू दिलं, तीन-चार वेळा घालून काढून बसवलं. आता ४.९३.

सियागंजकर, हीटसिंकही लावला. तापमापकाने चिप ५८ दाखवत होती, आता ४७.

आणि हो, ५०.००० वर मशीन आता उठतं, स्मरणिका उघडते. एक तास चाललं. मग पुन्हा बॉम्ब.

---

शिशाचीतार

एक तास म्हणजे बरंच पुढे आलात. आता रॅम बघा. कार्डावरच्या सिमच्या चिपांवर शेवटी काय आकडा आहे? आणि सेटिंगमधून कार्डाची रॅम बंद करून फक्त मदरबोर्डच्या रॅमवर चालवता येतं का? तसं टिकलं तर गुन्हेगार सापडला.

आणि या चाचण्या चालू असताना हार्ड डिस्क काढून ठेवा किंवा निदान तिची नक्कल करून घ्या. डळमळीत प्रोसेसरने डिस्कवर लिहिलं तर तो गोंधळ तुम्हाला महिनाभराने कळेल, आणि काकांच्या फाइली परत मिळणार नाहीत.

---

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

+१. रॅमच.

आणखी एक तपासा, ती फ्लिपफ्लॉप खरंच "एफ" आहे ना? ७४एलएस७४ असेल तर तिची हमी फक्त २५ मेगाहर्ट्झपर्यंतची, ५० तिच्याकडून मागणं अन्याय आहे. ७४एफ७४ मात्र १०० पर्यंत जाते.

---

रामबागकर, इंदूर

एफच आहे, भिंगाने दोनदा वाचलं.

रॅमचं म्हणणं बरोबर निघालं. डिस्कची नक्कल केली, मग कार्डाची रॅम बंद करून ५०.००० वर मशीन आठ तास चालवलं. एकही बॉम्ब नाही. रॅम चालू केली, सत्तर मिनिटांत बॉम्ब.

सिमच्या चिपांवर शेवटी "-८" आहे, म्हणजे ८० नॅनोसेकंद. आता हिशोब पाहा. कार्डावरची गॅल चिप रॅमकडून माहिती घ्यायला ठराविक ठोके मोजते. ती वेळ ओळखत नाही, फक्त ठोके ओळखते. तीन ठोके धरले तर:

१६ मेगाहर्ट्झला एक ठोका ६२.५ नॅनोसेकंद, तीन म्हणजे १८७.५.
२० ला ५०, तीन म्हणजे १५०.
२५ ला ४०, तीन म्हणजे १२०.

त्या १२० मधून गॅलचा स्वतःचा उशीर, पत्ता दोन हप्त्यांत देण्याचा वेळ आणि बफर यांचं वजा केलं की ८० च्या रॅमला श्वास घ्यायला जागा उरत नाही. थंड असताना निभावतं, तापल्यावर चिप अजून मंदावते आणि एखादा बिट चुकतो. म्हणून सत्तर मिनिटं.

उपाय भंगारातच होता. जुन्या ४८६ च्या बोर्डावर ३० पिनच्या चार सिम मिळाल्या, चिपांवर "-६". चारही बदलल्या, कारण ६८०३० ची बस ३२ बिटांची आणि सिम ८ बिटांची, चार एकत्रच लागतात. एका सिमची क्लिप प्लास्टिकची होती, तुटायच्या बेतात, ती नखाने हळूच सोडवली.

परवा रात्री नऊपासून काल संध्याकाळी सहापर्यंत सलग चाललं.

---

सियागंजकर

वा भिया! आता डीएक्स-३३ च्या बोर्डावर ६६.६६७ ची डबी असते, माझ्याकडे पडलीये. देऊ का?

---

रामबागकर, इंदूर

नको रे. वरचाच हिशोब लाव. ३३ ला ठोका ३० चा, तीन म्हणजे ९०. गॅलचा उशीर काढला तर ६० च्या रॅमलाही पुरणार नाही. आणि चिप २० ची आहे, तिला २५ दिलेत तेच खूप. ३३ साठी प्रोसेसर, गॅल सगळंच बदलावं लागेल. मग ते काकांचं कार्ड उरणार नाही.

---

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

प्रोसेसरचं निघालंच आहे तर सावध करतो. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "५० मेगाहर्ट्झ" छापाचा ६८०३० मागवला होता. कापसाला थिनर लावून पुसला तर छाप पुसली गेली, खाली जुन्या अक्षरांच्या घासलेल्या खुणा. स्वस्त चिप घासून वर नवा आकडा छापलेला. सिरॅमिकच्या चिपवर पृष्ठभाग एकसारखा आहे का, कडेला घासल्याच्या रेघा आहेत का, हे बघूनच घ्यावं.

---

लष्करकर, ग्वाल्हेर

प्रत्यक्ष फरक किती पडला? आकडा २५ दिसतो हे ठीक, पण काम?

---

रामबागकर, इंदूर

लष्करकर काका, हाच खरा प्रश्न. माझ्या काकांची २४ पानांची स्मरणिका घेतली. उघडायला १६ वर ४१ सेकंद लागत होते, आता २९. ठोका दीडपटीहून जास्त, पण काम तेवढं वाढलं नाही. कारण डिस्क मदरबोर्डच्या वाटेने येते आणि ती वाट अजून ७.८३३६ चीच, १६ बिटांचीच. पान सरकवताना तर फरक जवळजवळ जाणवत नाही, पडद्याची स्मृती मदरबोर्डच्या रॅममध्येच आहे. याउलट जिथे सगळं काम कार्डातल्या कार्डात होतं, म्हणजे ओळी पुन्हा जुळवणं, शोधणं, पानांचे क्रमांक नव्याने टाकणं, तिथे मात्र फरक डोळ्यांना दिसतो. स्मरणिकेचा मजकूर नव्याने ओतायला आधी ३३ सेकंद, आता २१.

पुढे रिकाम्या सॉकेटात ६८८८२ हा गणिती सहप्रोसेसर बसवायचा विचार आहे. त्याचा ठोका प्रोसेसरहून वेगळा ठेवता येतो, तेव्हा जी चिप मिळेल ती तिच्याच वेगाने चालवता येईल.

---

तिलकनगरी, इंदूर

मूळ डबी आत चिकटवून ठेवलीत हे वाचून बरं वाटलं. माझा आक्षेप मी मागे घेते. एक विनंती, कोणत्या पिनला काय केलं आणि कोणत्या सिम काढल्या हेही एका कागदावर लिहून त्याच पाकिटात ठेवा. पुढच्याला हा धागा सापडेलच असं नाही.

---

रामबागकर, इंदूर

ताई, आजच लिहून ठेवला. जुन्या चार सिमही त्याच पाकिटात.

आज दुपारी बाहेर ४२ अंश होते, खोलीत कूलर बंद ठेवून मुद्दाम चालवलं. डिसेंबरात टिकलेलं कार्ड मे महिन्यात टिकेलच असं नसतं, म्हणून. सहा तास झाले, चिप ५५ वर आहे, बॉम्ब नाही. काकू येऊन बसली होती. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर मुद्रक म्हणून काकांचं नाव आहे, ते तिने पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, "याची एक प्रत काढून दे." प्रिंटरची केबल शोधतोय.